प्रोग्रामिंग अजिबात येत नाही, हार्वर्डचा सीएस५० (संगणकशास्त्राची ओळख करून देणारा ऑनलाइन अभ्यासक्रम) घरून जमेल का?

जमेल, तो शून्यापासूनच सुरू होतो. आठवड्यांचे क्रमांकही ० पासून, अ‍ॅरेसारखे (अ‍ॅरे म्हणजे एकापुढे एक ठेवलेल्या मूल्यांची यादी, तिची मोजणीही ० पासून)! आठवडा ० ला स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम करायची सोपी भाषा), मग सी ही भाषा, ६ ला पायथन ही भाषा. खरी दमछाक ४ ला होते: मेमरी आणि पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता). तिथे ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्राम बंद पडणं) आला, तर बहुधा मॅलॉकने (मेमरीत जागा मागणारं सीमधलं फंक्शन) जागा न घेताच पॉइंटर वापरलेला असतो किंवा अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर हात घातलेला असतो. व्हॅलग्रिंड (मेमरीच्या चुका शोधणारं साधन) चालवा, बऱ्याचदा चुकीची ओळ सापडते. स्वाध्याय सबमिट करण्याआधी चेक५० (तुमचा कोड आपोआप तपासणारं त्यांचं साधन) चालवाच. व्याख्यान दोनेक तासांत संपतं, वेळ खातात ते स्वाध्याय. चॅटजीपीटीकडून कोड लिहून घेणं नियमबाह्य आहे. सीएस५०चं स्वतःचं ‘बदक’ (मदत करणारा एआय चॅटबॉट) मात्र चालतं. सीएस५०चं प्रमाणपत्र फुकट मिळतं, पैसे पडतात ते एडएक्सच्या (हा अभ्यासक्रम जिथे मिळतो त्या संकेतस्थळाच्या) प्रमाणपत्राला.