व्होस्खोद मोहीम दोनच मानवी उड्डाणांत का संपली?

व्होस्खोद हे खरोखर नवे यान होते का आणि सोव्हिएत संघाने ते दोनच मानवी उड्डाणांनंतर का सोडून दिले, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्हींचे उत्तर एकच आहे. गागारिन ज्या व्होस्तोकमधून गेले, त्याच गोलाकार यानात अधिक माणसे बसवण्यासाठी केलेला तो फेरबदल होता आणि त्याला पुढे वाव नव्हता.

व्होस्तोकमधील अंतराळवीर उतरताना इजेक्शन सीटसह बाहेर पडून स्वतंत्र पॅराशूटने जमिनीवर येत असे. तीन माणसांसाठी ते आसन काढावे लागले. अंतराळपोशाखांनाही जागा उरली नाही. 12 ऑक्टोबर 1964 रोजी कोमारोव्ह, फिओक्तिस्तोव्ह आणि येगोरोव्ह साध्या कपड्यांत उडाले, तेव्हा उड्डाणाच्या पहिल्या क्षणांत रॉकेट बिघडले असते तर त्यांच्या सुटकेचा कोणताही मार्ग नव्हता. फिओक्तिस्तोव्ह स्वतः या यानाच्या अभिकल्पकांपैकी होते, त्यामुळे हा धोका त्यांना पुरता ठाऊक होता.

18 मार्च 1965 च्या व्होस्खोद 2 मध्ये ही तडजोड अधिकच जाणवली. व्होस्तोकपासून चालत आलेली उपकरणे हवेने थंड राखली जात असल्याने केबिन निर्वात करता येत नव्हती. म्हणून बाहेर पडण्यासाठी यानाला फुगवता येणारा एअरलॉक (केबिनमधील हवा न घालवता बाहेर जाण्याचा बंद कक्ष) जोडला होता. यानातील दोघा अंतराळवीरांपैकी लिओनोव्ह सुमारे 12 मिनिटे अवकाशात तरंगले, पण पोशाख फुगून ताठ झाल्यामुळे आत शिरण्यासाठी त्यांना त्यातील दाब कमी करावा लागला. पुढे स्वयंचलित उतरण यंत्रणाही चालली नाही. आसने आता काटकोनात वळवून बसवली होती, दिशादर्शक खिडकी मात्र जुन्याच जागी होती. त्यामुळे यानाचे कमांडर बेल्यायेव्ह यांना आसनांवर आडवे होऊन यानाची दिशा साधावी लागली आणि मग तोल सावरण्यासाठी दोघांना पुन्हा जागेवर येऊन इंजिन सुरू करावे लागले. एवढ्या विलंबाने यान ठरल्या जागेपासून सुमारे 386 किलोमीटर दूर, पर्म भागातल्या बर्फाच्छादित अरण्यात उतरले आणि दोघांनी तेथे दोन रात्री काढल्या.

कक्षा बदलण्याची सोय व्होस्खोदमध्ये नव्हती, तर अमेरिकेच्या जेमिनी यानांनी डिसेंबर 1965 मध्ये कक्षेत एकमेकांजवळ येऊन दाखवले. जानेवारी 1966 मध्ये सोव्हिएत अंतराळ कार्यक्रमाचे मुख्य अभिकल्पक कोरोल्योव्ह यांचे निधन झाले. त्यानंतर उरलेली व्होस्खोद उड्डाणे रद्द करून सारे बळ सोयुझ या नव्या यानाकडे वळवण्यात आले.