ट्राय, रग्बी आणि सोसायटीचे उपविधी

प्रश्न असा आलाय: ‘रग्बीच्या एका मराठी बातमीत “संघाने चार प्रयत्न करून सामना जिंकला” असं वाचलं. ट्रायला प्रयत्न म्हणणं बरोबर आहे का? नसेल तर मराठी शब्द कोणता?’

बरोबर नाही. रग्बीत चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं म्हणजे ट्राय. चार प्रयत्न करून जिंकला म्हणजे तीनदा हरला आणि चौथ्या खेपेला जमलं, असाच अर्थ मराठी माणूस घेणार. समालोचनातही हल्ली ‘उत्कृष्ट प्रयत्न!’ कानावर पडतं, तेही गड्याने चेंडू रेषेपलीकडे टेकवून पाच गुण खिशात घातल्यावर. आपल्याकडे ‘चांगला प्रयत्न’ म्हणतात ते हरलेल्याच्या पाठीवर हात ठेवताना.

गंमत म्हणजे बातमीदाराचा शब्दकोश चुकलेला नाही. ट्राय म्हणजे प्रयत्नच, पण कशाचा? इंग्लंडातल्या वॉरिकशर परगण्यात रग्बी नावाचं गाव आहे. तिथल्या रग्बी स्कूलच्या पोरांनी 1845 मध्ये आपल्या फुटबॉलचे नियम पहिल्यांदा कागदावर उतरवले. त्यांच्या खेळात चेंडू रेषेपलीकडे टेकवला तरी पदरात शून्य गुण. मिळायची ती फक्त संधी. जिथे टेकवला तिथून सरळ रेषेत चेंडू मैदानात मागे आणायचा आणि लाथ मारून दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून पलीकडे धाडायचा. हा गोलचा ‘ट्राय’. 1871 मध्ये एडिंबरात स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा ट्राय दोघांच्याही नावावर होते; सामना स्कॉटलंडने जिंकला तो एका गोलवर. पुढे ट्रायला गुण मिळू लागले, वाढत वाढत 1992 मध्ये पाच झाले. नाव मात्र उमेदवारीच्या दिवसांतलंच राहिलं. अजूनही गडी रेषा ओलांडल्यावर, मागे कोणी नसेल तर, चेंडू लगेच टेकवत नाही. खांबांकडे वळून पळतो. ट्रायनंतर जादा गुणांसाठीची लाथ आजही त्याच सरळ रेषेतून मारायची असते, आणि खांबांसमोरून ती सोपी जाते ना!

तेव्हा मराठीत ट्रायला ट्रायच म्हणा. विकेट म्हणजे मुळात छोटं फाटक, म्हणून ‘बुमराहने पाच फाटकं पाडली’ असं आपण लिहीत नाही. ‘शंभर कॅप मिळवल्या’चं (म्हणजे देशाकडून शंभर सामने खेळल्याचं) ‘शंभर टोप्या’ करणारेही भेटले आहेत, त्यांना साष्टांग नमस्कार.

आता खरी मजा. ‘रग्बी स्कूल म्हणजे रग्बीचं प्रशिक्षण देणारी शाळा’ असं एका जाणकारांनी ठोकून दिलेलं मी वाचलंय. अहो, ही शाळा 1567 ची! लॉरेन्स शेरिफ नावाच्या, राणी एलिझाबेथला किराणा पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या पैशातून उभी राहिलेली. गावावरून शाळेचं नाव, शाळेवरून खेळाचं. (1823 मध्ये विल्यम वेब एलिस चेंडू हातात घेऊन पळाला आणि खेळ जन्मला, ही कथा 1876 च्या सुमारास छापून आली. तोवर एलिस वारून चार वर्षं झाली होती. सांगणाऱ्याने ते पळणं स्वतः पाहिलेलं नव्हतं. विश्वचषकाला त्याचं नाव दिलंय, देऊ दे.)

मग गावाचं नाव रग्बी कशावरून? 1086 च्या जमीनमोजणीच्या बाडात ते ‘रोकेबेरी’ असं येतं. शेवटचा भाग ‘बर्ह’, म्हणजे तटबंदीची जागा, गड. पुढचा भाग कोणा ह्रोकाचं नाव, किंवा ‘रूक’ हा कावळ्याच्या कुळातला पक्षी. व्यक्तिनाव मानणारे पंडित जास्त आहेत. मी पक्ष्याच्या बाजूचा, कारण मला ‘काकगड’ आवडतं. पुढे या गडाचं शेपूट गळून त्या जागी ‘बी’ आलं. हे ‘बी’ डेन्मार्ककडून येऊन इंग्लंडात वसलेल्या डेन लोकांचं, अर्थ गाव. त्यांच्या मुलखाची हद्द ठरलेला वॉटलिंग स्ट्रीट हा जुना रस्ता रग्बीजवळूनच जातो. व्हिटबी, ग्रिम्सबी ही त्याच घरची. डर्बीसुद्धा: हरणांचं गाव. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर डर्बीला गर्दी करणाऱ्यांना आपण एका डॅनिश गावाचं नाव घेतोय याचा पत्ता नसतो.

आणि हेच ‘बी’ तुमच्या सोसायटीच्या कपाटात बसलंय! बायलॉज. त्यातला ‘बाय’ म्हणजे मूळचं गाव, बायलॉ म्हणजे गावाने गावापुरता केलेला कायदा. आपण त्याचं ‘उपविधी’ केलं, जणू बाय म्हणजे उप, दुय्यम. इंग्रजांचीही पुढे तशीच समजूत झाली हे मान्य, आणि तेवढ्यावर बोट ठेवून एका परिभाषातज्ज्ञांनी मला ‘उपविधी शास्त्रशुद्ध आहे’ असं सुनावलं. शास्त्रशुद्ध कसलं? मूळ अर्थ सांगणारा शब्द आपल्या घरात होता: गावकी. चार घरांनी एकत्र बसून ठरवलेलं, तेवढ्यांनाच लागू. गृहनिर्माण संस्थेला याहून चपखल काय हवं?

गेल्या सर्वसाधारण सभेत मी तसा ठरावही मांडला. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, गावकीत पार्किंगचं काय लिहिलंय?