घरी रेकॉर्ड केलेली गाणी तशीच अल्बम म्हणून काढावीत, की आधी स्टुडिओ गाठावा? माइक कुठला घेऊ?

तशीच काढा. स्टुडिओवाल्याला काय विचारताय, तो तासावर पैसे घेतो.

अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ अल्बम ऐकलाय? जानेवारी १९८२, न्यू जर्सीतलं भाड्याचं घर, चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर. गिटार, माउथ ऑर्गन आणि खुनी, कर्जबाजारी माणसं. त्यातल्या ‘जॉनी ९९’चा मोटारीचा कारखाना बंद पडतो, नोकरी जाते, दारूच्या नशेत तो एकाला गोळी घालतो. पुढे हीच गाणी अख्ख्या बँडला घेऊन स्टुडिओत वाजवून पाहिली, जमली नाहीत. शेवटी बिनडबीची खिशात घालून फिरवलेली ती कॅसेटच बाजारात आली.

त्याच जानेवारीत, १८ तारखेला, मुंबईत गिरणी संप सुरू झाला. माझे वडील संपात उतरले ते परत गिरणीत उभे राहिलेच नाहीत. २००९ मध्ये मी त्यावर सहा गाणी केली. डोंबिवलीची वन रूम किचन, दाराला गोधडी, पंखा बंद, शेवटची लोकल गेल्यावर रेकॉर्डिंग. तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी मी जरा थांबतो आणि स्वयंपाकघरातून वडिलांचा खोकला ऐकू येतो. गिरणीतला कापूस, दुसरं काय.

मावसभाऊ म्हणाला, “हे कच्चं आहे. खोकला काढू, कानात क्लिकचा ठेका लावून पुन्हा गा, मागे व्हायोलिन टाकू.” अठरा हजार गेले. गाणं सहकारी बँकेच्या जाहिरातीसारखं झालं. वर याने जागा हवी म्हणून माझी मूळ हार्ड डिस्क फॉरमॅट केली. वडील पुढच्याच वर्षी गेले. हा अजून लग्नाकार्यात चारचौघांत सांगतो, “अरे, ते पहिलं अगदीच कच्चं होतं रे!”

कच्चंच होतं. म्हणून तर हवं होतं.

आता हेही खरं की स्प्रिंगस्टीन तेव्हा मोठं नाव होता. आधीचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेलेला, त्यामुळे कंपनीने ऐकून घेतलं; तुमचं-माझं कोण ऐकतंय? आणि त्या कॅसेटवरून रेकॉर्डची तबकडी कोरताना तंत्रज्ञांच्या नाकी नऊ आले होते. गाणीच पडेल असतील तर खरखर वाचवणार नाही.

माइक त्याने शुअर एसएम ५७ वापरले होते, आजही मिळतात. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक तरी नातेवाइकांपासून लांब.