फुकट काय द्यावे आणि कुठे थांबावे: डिटेलिंग (गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश) व्यावसायिकांची प्रश्नोत्तरे

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून एक वाचक विचारतात: वॉशिंगला रांग असते, पण महागड्या गाड्या येत नाहीत. पाच जर्मन गाड्यांना फुकट सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा टिकाऊ संरक्षक थर) करून दिले तर नाव होईल का?

नाव होईल, पण फुकट करून देणारा म्हणून. दोन टप्प्यांचे पॉलिश आणि कोटिंग धरले तर मोठ्या गाडीला दोन माणसांचे दोन दिवस सहज जातात. पाच गाड्यांत दहा दिवस बे (गाडी उभी करून काम करायची जागा) अडकतो. शिवाय कोटिंग एकदा लावले की पुढची काही वर्षे 'पाणी घसरत नाही', 'डाग पडला' या तक्रारी तुमच्याच दारात येतात. पैसे न घेताही जबाबदारी तेवढीच.

पन्नास लाखांच्या गाडीचा मालक काही हजार वाचवायला अनोळखी दुकानात गाडी टाकत नाही. त्याला धास्ती असते ती रंग जळण्याची, कडा उघड्या पडण्याची, चावी नवख्या पोराच्या हाती जाण्याची. त्यामुळे फुकट द्यायची ती तपासणी. गाडी धुऊन घ्या आणि एलईडी दिव्याखाली ओरखडे दाखवा. प्रत्येक पॅनलवर पाच ठिकाणी पेंट गेज (रंगाच्या थराची जाडी मोजणारे यंत्र) लावून आकडे कागदावर लिहून द्या. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. एखाद्या दारावर 250-300 दिसले तर बहुधा पुन्हा रंगवलेले असते. धुणे सोडले तर अर्ध्या तासाचे काम आहे, पण पुष्कळ मालकांना त्यांच्या गाडीबद्दल एवढे कोणी सांगितलेलेच नसते.

गेज घेताना लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही मोजणारा घ्या. महागड्या गाड्यांचे बॉनेट बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे असते. तिथे फक्त लोखंड ओळखणारा गेज काहीच दाखवत नाही आणि मालकासमोर पंचाईत होते.

कॉलेज रोडवरून: नमुना म्हणून अर्धे बॉनेट करून दाखवतो. समोर पाहून सगळे खूश होतात, पण महिन्याभराने ओरखडे पुन्हा दिसतात. का?

कारण ओरखडे गेलेले नसतात, भरलेले असतात. कंपाउंडमधले (ओरखडे घासून काढणाऱ्या पेस्टमधले) तेल आणि ग्लेझ बारीक रेषांत बसते आणि चार-सहा धुण्यांत निघून जाते. म्हणून दाखवण्याआधी डिस्टिल्ड पाण्यात सुमारे 15 ते 20 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून त्याने पृष्ठभाग पुसा. त्यानंतर जे दिसेल तेच खरे, आणि तेच दाखवा.

क्रम असा ठेवा. न्यूट्रल शाम्पूने दोन बादल्यांची धुलाई. पत्रा थंड असताना सावलीत आयर्न रिमूव्हर (रंगात बसलेले लोखंडाचे कण सोडवणारे द्रव) मारा. तीन ते पाच मिनिटे ठेवा, वाळू देऊ नका. मग भरपूर लुब्रिकंट घेऊन क्ले (रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा). बॉनेटच्या मधोमध आणि सगळ्या कडांवर मास्किंग टेप लावा. कडेवर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) पातळ असतो आणि पॅड तिथेच आधी खातो. पहिल्यांदा मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश. त्याने जमले नाही तरच मध्यम पॅड. दीड ते दोन फुटांचा चौकोन, ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड फिरतो आणि हलतोही असे), आडवे-उभे मिळून चार फेरे, प्रत्येक फेरा आधीच्यावर निम्मा चढलेला. हात सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. घाईने मशीन फिरवले की ओरखडा तसाच राहतो आणि मग माणूस नाइलाजाने जाड कंपाउंड काढतो.

पॅडवर गाडीचाच रंग उतरू लागला तर तिथेच थांबा. वर क्लिअर कोट नाही किंवा संपला आहे. गेजचा आकडा 90 मायक्रॉनच्या खाली असेल तर नमुनाही करू नका. मॅट रंगाला तर मशीन लावायचेच नाही.

मालकाने पाहिले, फोटो झाले की टेप काढून दुसरी बाजूही त्याच बैठकीत पूर्ण करा. काळ्या गाडीवर अर्धी चमक सोडून देणे बरे नाही, मग पुढचे काम मिळो वा न मिळो.

जुन्या गाड्यांचे एक डीलर म्हणतात, आधी दहा गाड्या फुकट करा, मग कायमचे काम देतो.

एक करा, दहा नको. त्या एका गाडीचेही पूर्ण दराचे बिल करून खाली सूट दाखवा. डीलरला विक्रीपुरती चमक हवी असते, क्लिअर कोट किती उरला याचे त्याला देणेघेणे नसते. त्याच्याकडून मिळणारा दर पुढे वाढत नाही.

निफाडहून: आमच्याकडे द्राक्ष बागायतदारांच्या मोठ्या एसयूव्ही पुष्कळ. यांना काय फुकट द्यावे?

बोर्डोचे (बागेवर फवारायच्या बुरशीनाशकाचे) डाग काढून द्या. मोरचूद-चुन्याचे शिंतोडे वाळून बसतात आणि लोक ते कोरड्या फडक्याने घासतात. चुन्याचे कण रंगावर ओरखडे पाडतात. आधी भरपूर पाणी, मग सौम्य ॲसिडचा वॉटर स्पॉट रिमूव्हर एका छोट्या जागी, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरताच, आणि पुन्हा पाणी. शेवटचे पाणी बोअरचे नको. 50 च्या खाली टीडीएसचे (विरघळलेले क्षार कमी असलेले) घ्या, नाहीतर एक डाग काढून दुसरा बसवाल. गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत या माणसांना सवड नसते. दोन दिवस गाडी ठेवून घेण्याची गोष्ट माल गेल्यावर काढा.

सातपूरहून: फुकटच्या कामात गाडीला काही झाले तर भरपाई कोणाची?

तुमची. त्यामुळे गाडी ताब्यात घेतानाच चारही बाजू, चाके, काच, किलोमीटरचा आकडा यांचे फोटो घ्या आणि आधीच्या खुणांवर मालकाची सही घ्या. नंबर प्लेट झाकूनही फोटो टाकायचे असतील तर त्याची परवानगी त्याच कागदावर.

इंदिरानगरहून: नमुन्यानंतर गिऱ्हाईक म्हणते, बॉनेट झालेच आहे, तेवढे पैसे कमी करा.

पूर्ण गाडीचा दर मशीन हातात घेण्याआधी लिहून द्या आणि त्यात बॉनेट धरा. कोटिंगच्या दिवशी ते पुन्हा धुवायचे, पुसायचे, दिव्याखाली तपासायचे असतेच. आधी आकडा दिला नसेल तर मात्र या गाडीला ती सूट द्यावी लागेल.