घटनेआधी लोकस वाच

प्रिय मित्रा,

अमेरिकी सरकारच्या गुप्त पाळतीविरुद्धच्या खटल्यांवर प्रबंध लिहितो आहेस, याचा आनंद आहे. पण तुझा आराखडा चौथ्या घटनादुरुस्तीपासून (अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण देणाऱ्या कलमापासून) सुरू होतो, तिथे मी लाल शाई फिरवली आहे. यातले बरेचसे खटले तिथवर पोचतच नाहीत, आधी लोकसवरच, म्हणजे दावा लावण्याचा हक्क तुम्हाला आहे का या प्रश्नावरच, अडकतात.

‘क्लॅपर विरुद्ध ॲम्नेस्टी’ हा निकाल पुन्हा वाच. २००८च्या कायद्याने परदेशातल्या परकीयांचे फोन-ईमेल, प्रत्येकासाठी वेगळा न्यायालयीन आदेश न घेता, टिपायची मुभा दिली. वकील आणि पत्रकार कोर्टात गेले. आपलं बोलणं ऐकलं जाईल या धास्तीने विमानाने जाऊन समोरासमोर भेटावं लागतं, हेच आमचं नुकसान, असं त्यांचं म्हणणं. फेब्रुवारी २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांना परत पाठवलं: तुमच्यावर पाळत आहे हे कशावरून? आता पुरावा सरकारच्या तिजोरीत आणि किल्लीही त्याच्याच कमरेला, तर बिचाऱ्यांनी आणायचा कुठून?

सुनावणीतला सरकारचे वकील, सॉलिसिटर जनरल व्हेरिली यांचा युक्तिवाद मात्र सावकाश वाच. अशी माहिती फौजदारी खटल्यात वापरली तर आरोपीला नोटीस मिळेल, म्हणजे आव्हान द्यायला कोणीतरी उरेलच, असा त्यांचा भरवसा होता. निकालाने तो मान्य केला. प्रत्यक्षात न्याय खातं या कायद्याखालच्या पाळतीची नोटीस देतच नव्हतं! पहिली नोटीस निघाली ऑक्टोबर २०१३मध्ये, एडवर्ड स्नोडेनने पाळतीची गुप्त सरकारी कागदपत्रं बाहेर काढल्यावर. माझ्या मते तुझं मुख्य प्रकरण हेच.

लोकसचा उंबरा ओलांडला तरी पुढे ‘राज्यगुपित’ आडवं येतं: देशाच्या सुरक्षेला धोका आहे म्हणून पुरावा उघड करायला सरकारने दिलेला नकार. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने पाळतीविरुद्ध लावलेल्या खटल्यात २०२१मध्ये अपील न्यायालयाने लोकसपुरता पुरावा पुरेसा धरला आणि तरीही गुपिताच्या कारणावरून दावा काढून टाकला.

या तत्त्वाचं मूळ १९५३च्या ‘रेनॉल्ड्स’ निकालात आहे. १९४८मध्ये बी-२९ विमान कोसळलं, मृत तंत्रज्ञांच्या विधवांनी अपघाताचा अहवाल मागितला. सर्वोच्च न्यायालयाने तो न पाहताच गुपित मान्य केलं. सुमारे पन्नास वर्षांनी अहवाल उघड झाला, तेव्हा त्यात विमानाच्या देखभालीतल्या त्रुटी निघाल्या.

पुढच्या मसुद्यात प्रत्येक निकालाशेजारी एक रकाना हवा: न्यायाधीशांनी तो कागद स्वतः पाहिला होता का? घटनादुरुस्तीचं नंतर बघू.