पुणे पोलिसांच्या वार्षिक अहवालात गुन्हे वाढलेले दिसले, म्हणजे शहर बिघडलं का?

लगेच तसं समजू नका. अहवालात येतात ते दाखल झालेले गुन्हे, घडलेले सगळे नव्हेत. नुसता अर्ज घेऊन बोळवण करण्याऐवजी ठाण्यात एफआयआर नोंदवला, की आकडा वाढलाच. आणि ते चांगलंच आहे! मी स्वतः आधी खून आणि वाहनचोरीचे आकडे बघतो. खून सहसा लपत नाही आणि चोरीच्या गाडीचा विमा मिळवायला एफआयआर लागतोच.

जुन्या वर्षांशी तुलना करताना मात्र जपून. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय वेगळं झालं, म्हणजे पुण्याची हद्दच आकसली. शिवाय १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू आहे, तेव्हा नंतरच्या गुन्ह्यांत खून कलम ३०२ खाली नाही, १०३ खाली शोधा.