आत किती शिरले, आत किती वाढले

बडोदे, दांडिया बाजार

चि. पोरी,

काल फोनवर तू खुशीत होतीस: "काकू, सहा तासांत यकृताच्या पेशींमध्ये लिस्टेरिया जिवाणू केवढा वाढला!" तुझा विरस नको म्हणून गप्प बसले. पण तू सहाव्या तासाचाच आकडा सांगितलास. आधीच जास्त शिरले की आत गेल्यावर वाढले, ते त्यावरून कसं ठरवणार? दुसऱ्या तासाचा प्लेट काउंट, म्हणजे पेशी फोडून प्लेटवर उगवलेल्या कॉलन्यांची मोजणी, हवाच.

इंटर्नालिन-बी नसलेला म्युटंट, म्हणजे ते जनुक काढलेला लिस्टेरिया, सोबत ठेव. हे प्रथिन आत शिरायला पेशीवरच्या मेट रिसेप्टरला धरतं, म्हणून ते नसलं की दुसऱ्या तासालाच आकडा पडतो. आत पोचलेले मात्र वाढतात. अ‍ॅक्ट-ए हे प्रथिन नसलेला आत छान वाढतो, पण त्याला पुढे ढकलणारी, पेशीच्याच अ‍ॅक्टिन प्रथिनाची शेपटीच नाही, मग शेजारच्या पेशीत जाणार कसा? एका जागी गठ्ठा करून बसतो. लिस्टेरिओलायसिन हे त्याचं पोकळी फोडणारं विष काढलंस, तर शिरताना भोवती बनलेल्या पोकळीतच तो बहुधा अडकेल. बहुधा म्हणते, कारण काही मानवी पेशींत त्याचं फॉस्फोलायपेज हे एन्झाइम एकटंही पोकळी फोडतं.

जेंटामायसिन हे प्रतिजैविक पेशीबाहेरचे जिवाणू मारतं, आत पटकन शिरत नाही. पटकन नाही, पण शिरतं! पहिल्या तासानंतर मात्रा उतरव. पेशींच्या शेवटच्या धुण्याचं पीबीएसही (ते मिठाचं द्रावण) प्लेटवर टाक. त्यात कॉलन्या आल्या, म्हणजे बाहेरचे जिवंत उरले, तर त्या दिवसाचे आकडे विसर.

मी शिकत असताना तीन आठवडे सगळ्या प्लेट कोऱ्या निघाल्या. स्ट्रेन मेला म्हणून मी मोकळी. पेशींच्या मीडियमच्या बाटलीत पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन ही जिवाणू मारणारी प्रतिजैविकं होती, आणि बाटलीवर तसं लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.

आणखी एक, आपल्या गावाचं. पीआरएफ-ए हे प्रथिन म्हणजे लिस्टेरियाच्या हल्ल्याच्या जनुकांचा मुख्य स्विच, तो ३० अंशांखाली जवळजवळ बंद असतो. त्याच्या आरएनएची घडी ३७ला उलगडते, मग ते प्रथिन बनतं. फ्रीजमध्ये ४ अंशांवर वाढणारा हाच प्राणी, पण तिथं त्याला हल्ल्याची हत्यारं कशाला? तेव्हा मे महिन्यात बाकावर रात्रभर राहिलेली नळी आणि जानेवारीतली नळी एकच समजू नकोस. वहीत तापमान लिही, 'आरटी' (रूम टेंपरेचर) नको. बडोद्यात आरटी म्हणजे काहीही.

तुझी वहिनी डबा द्यायला लॅबपर्यंत येते ना? तिला दिवस गेलेत, आणि हा जिवाणू वारेतून बाळापर्यंत पोचतो. उद्यापासून तू खाली फाटकाशी ये, हात धुऊन, एप्रन काढून.

तुझी काकू